झालरीमागची फट

मी एक जुनी खिडकी आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मला कुणी 'जुनी' म्हटलं तर राग येत नाही. 'मोडकी' म्हटलं की मात्र येतो. मध्यंतरी घरचे, दारचे सगळेच मला मोडकी म्हणायला लागले होते. मला भिंतीतून काढून मागच्या अंगणात टाकायचं पक्कं झालं होतं. माझ्या जागी बसणारी नवी खिडकी जिना चढून वरही आली होती. तरी आज मी माझ्याच भिंतीतून तुमच्याशी बोलते आहे. हे कसं झालं ते सांगते. जरा लांबण लागेल, पण खिडकीला कुठे जायची घाई असते?

तुमच्या घरच्या खिडक्या दारासारख्या उघडत असतील, नाहीतर बाजूला सरकत असतील. मी तशी नाही. मी वर-खाली सरकते. माझ्या चौकटीत दोन तावदानं आहेत. वरच्या तावदानाला मी थोरली म्हणते आणि खालच्याला धाकटी. थोरलीला खाली ओढायचं, धाकटीला वर ढकलायचं. आता एवढं जड तावदान रोज उचलायचं म्हणजे माणसाचं कंबरडं मोडेल. म्हणून माझ्या चौकटीत दोन्ही बाजूंना पोकळ्या ठेवल्या आहेत आणि त्यांत लोखंडी वजनं लोंबकळत असतात. वजनाला दोरी बांधलेली, ती दोरी कप्पीवरून फिरून तावदानाला येते. तावदान वर गेलं की वजन खाली जातं. त्यामुळे एका बोटानं ढकललं तरी धाकटी वर जाते. निदान जायची.

मला घडवणारा सुतार भलता बडबड्या होता. रंधा मारता मारता तो लाकडाशी बोलायचा. माझ्या उभ्या पट्ट्या घासताना म्हणायचा, "सरळ राहा गं बाई, सगळा जन्म त्या भिंतीत काढायचाय तुला." मी त्याचं ऐकलं. माझं लाकूड सावकाश वाढलेल्या झाडाचं, घट्ट विणीचं. काचा मात्र त्या काळच्या, हातानं बनवलेल्या. त्यांत बारीक लाटा राहून गेल्या. त्यामुळे माझ्यातून बघितलं की रस्त्यावरचं माणूस चालता चालता मध्येच लांबट होतं आणि पुढे जाऊन पुन्हा आखूड होतं. मला त्याची कधी लाज वाटली नाही. उलट मुलांना ते फार आवडतं.

माझं घर एका चिंचोळ्या गल्लीत आहे. तिथली घरं एकमेकांना खांदा लावून उभी आहेत. मी पहिल्या मजल्यावर, अगदी रस्त्यावर तोंड करून. माझ्या डोक्यावर एक बुटका छज्जा आहे. काही वर्षांपूर्वी नगरपालिकेनं गल्लीच्या तोंडाशी एक पाटी लावली. ही गल्ली जुनी आहे, ती जशी आहे तशी जपायची, रस्त्याकडच्या खिडक्या-दारं मनाला येईल तशी बदलायची नाहीत, असं त्या पाटीवर लिहिलं होतं. ती पाटी वाचून माझी मान ताठ झाली. गल्लीतल्या लोकांच्या कपाळाला मात्र आठ्या पडल्या.

या खोलीत काका राहतात. त्यांनी सगळी नोकरी बस चालवण्यात काढली, म्हणून गल्ली त्यांना ड्रायव्हरकाका म्हणते. त्यांना मूलबाळ नाही. भावाची मुलगी लहानपणीच त्यांच्याकडे आली आणि काका-काकूंनीच तिला वाढवलं. ती आता पोस्टात काउंटरवर बसते. तिला सगळे ताई म्हणतात, मीही ताईच म्हणते. काकू आता नाहीत. पण त्यांच्या हातचं एक काम माझ्या डोक्यावर कितीतरी वर्षं होतं आणि या सगळ्या गोष्टीचं मूळ तेच आहे.

काकूंना नीटनेटकेपणा फार. पडद्याची दांडी उघडी दिसते हे त्यांना खपेना. त्यांनी दांडीपुढे एक रुंद फळी ठोकून घेतली आणि त्या फळीला स्वतः शिवलेली झालर लावली. पिवळ्या कापडावर बारीक निळी पानं, एकेक पान हातानं भरलेलं. झालर सुरेख होती यात शंका नाही. पण त्या फळीमुळे माझा वरचा वीतभर भाग आतून दिसेनासा झाला. बाहेरून छज्ज्याची सावली आणि आतून झालर. थोरलीचं डोकं कुणाला म्हणून दिसायचं नाही.

पुढे एका थंडीत थोरलीच्या दोऱ्या तुटल्या. आधी एक तुटली, मग दुसरी. थोरली घसरली आणि चांगली चार बोटं खाली येऊन अडकली. तेव्हा काका बसवर होते आणि काकू स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्या मोजत होत्या. कुणालाच पत्ता लागला नाही. मग रंगारी आला. बाहेरून शिडीवर चढून त्यानं ती फट बघितली, हवेसाठी मुद्दाम ठेवली असेल असं स्वतःशीच ठरवलं आणि थोरली होती तिथेच तिच्या कडेनं रंगाचे दोन हात फिरवले. रंग वाळला आणि थोरली जागच्या जागी घट्ट बसली. त्या चार बोटांतून पहिला गार वारा खोलीत शिरला.

मित्रांनो, मला बोलता येत असतं तर मी त्याच दिवशी ओरडून सांगितलं असतं. पण खिडकीचं बोलणं म्हणजे खडखड आणि करकर. ती काय, सगळ्याच खिडक्या करतात.

आता गंमत बघा. दोन तावदानं मध्यावर जिथे भेटतात तिथे एक पितळी कडी असते. थोरली खाली आल्यावर ती कडी लागेना. काकांनी खूप झटापट केली आणि निदान केलं की खालचं तावदान फुगलंय. सुतार बोलावून बिचाऱ्या धाकटीला खालून तासून घेतलं. थोरलीनं करायचं आणि धाकटीनं भोगायचं, हे घरोघरी चालतं म्हणा. कडी तरीही लागली नाही. शेवटी काकांनी तिथे लाकडाची एक पाचर ठोकली आणि विषय संपवला.

काकू गेल्या. काका निवृत्त झाले. आयुष्यभर क्लच दाबून दाबून गुडघे झिजले होते, ते आता जिना उतरेनात. तेव्हापासून काकांचं जग म्हणजे मी. हे मी फुशारकीनं सांगत नाही, आहे ते सांगते. सकाळी ते माझ्यापाशी खुर्ची ओढायचे, दोन्ही हातांनी जोर लावून धाकटीला वर ढकलायचे आणि दोराला बांधलेली टोपली खाली सोडायचे. टोपलीतून पेपर यायचा, पाव यायचा, औषधं यायची. समोरच शिंप्याचं दुकान आहे. शिंपी काकांचा जुना मित्र आणि जुना भांडखोर. तो टोपलीत कधी बटणं तुटलेला सदरा शिवून ठेवायचा, कधी अर्धं सोडवलेलं शब्दकोडं. उरलेलं अर्धं काका सोडवायचे आणि टोपली पुन्हा खाली जायची. मग दोघं वरून-खालून मोठमोठ्यानं वाद घालायचे की तिसरं आडवं कुणी चुकवलं.

"तू त्या खिडकीतून मला बारीक दिसतोस," काका म्हणायचे.

"मग तिथूनच बघत जा," शिंपी म्हणायचा. शिंप्याचं पोट चांगलं गरगरीत आहे.

हे सगळं छान चाललं होतं, पण थंडीत काकांना खोकला धरायला लागला. वर्षागणिक तो वाढत गेला. काकांचा पलंग माझ्या शेजारीच. वरून गार वाऱ्याचा झोत पडद्यामागून खाली उतरायचा आणि थेट त्यांच्या छातीवर यायचा. ताईला वारा जाणवायचा, पण तो खाली उतरल्यावर जाणवायचा. त्यामुळे तिची खात्री झाली की धाकटीच्या खालून वारा येतो. तिनं जुन्या चादरी फाडल्या, चिंध्या भरून एक लांबलचक लोड शिवला आणि धाकटीच्या पायाशी दाबून बसवला. वारा थांबला नाही. मग तिनं बाजूंनी चिकटपट्टी लावली. वारा थांबला नाही. तिनं आणखी रुंद चिकटपट्टी आणली. पोस्टातून दमून आली तरी आधी माझ्यापाशी येऊन तळहातानं कडा चाचपायची. वर मात्र कधी हात गेला नाही. झालरीवरची धूळ ती मऊ कापडानं इतकी हलक्या हातानं टिपायची, की काकूंच्या गालालाच हात लावते आहे असं वाटावं. फळी काढायचा विचारही तिच्या मनाला शिवला नाही.

चिकटपट्टी लावली म्हणजे टोपली बंद. काकांनी त्यावर तोड काढली होती. ताई कामावर गेली की ते पट्टी अलगद सोलायचे, टोपली सोडायचे, शिंप्याशी भांडून घ्यायचे आणि ती यायच्या आत पट्टी परत चिकटवायचे. चार-पाचदा काढघाल झाली की पट्टीला चिकटपणा कसला राहतो? संध्याकाळी पट्टीचं टोक फडफडताना दिसलं की ताई त्याच्याकडे बघायची, मग काकांकडे बघायची. काका पेपर तोंडापुढे धरायचे.

मागच्या थंडीत काकांची छाती भरली. डॉक्टर घरी आले. त्यांनी स्पष्ट सांगितलं, की यांना गार वारा लागता कामा नये. पुढच्या थंडीच्या आत एकतर ही खिडकी घट्ट बंद होणारी करा, नाहीतर यांना मागच्या खोलीत हलवा. मागच्या खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडते. तिथून दिसते ती भिंत आणि भिंतीवरचं शेवाळ.

काका त्या दिवशी जेवले नाहीत. ताईही जेवली नाही. दोघंही एकमेकांना भूक नाही असं सांगत होते.

दुसऱ्या दिवशी ताईनं शिंप्याला गाठलं. शिंप्यानं आपल्या दुकानाची मागची खिडकी गेल्याच वर्षी बदलून घेतली होती, प्लास्टिकची, दुहेरी काचेची. ताईनं विचारलं, "परवानगी कशी मिळवलीत?"

"परवानगी मागायचीच नसते," शिंपी म्हणाला. "विचारलं की नाही म्हणतात. त्यापेक्षा सुट्टीच्या दिवशी सकाळी काम उरकून टाकायचं. नगरपालिकेचं ऑफिस बंद असतं."

मित्रांनो, ही आमच्या गल्लीची रीतच होऊन बसली आहे. नवी खिडकी गादीत गुंडाळून आणायची, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं गादीच चालली आहे. एका माणसानं खाली पहारा द्यायचा. शेजाऱ्यांनी त्या वेळी नेमकं दुसरीकडे बघायचं. आमच्या गल्लीत सुट्टीच्या दिवशी इतक्या गाद्या येतात, की परक्या माणसाला वाटेल इथले लोक झोपण्यापलीकडे काही करत नाहीत.

खिडक्या बसवणाऱ्या माणसाला गल्लीत फटाफट म्हणतात, कारण कुठलंही काम तो "फटाफट करून देतो" म्हणूनच घेतो. माणूस वाईट नाही. तो माप घ्यायला आला. खालून फळीपर्यंत टेप लावला आणि फळीच्या वर किती असेल ते अंदाजानं धरलं.

"फळी काढायची का?" त्यानं विचारलं.

"नको," ताई म्हणाली. "ती अगदी शेवटी, बसवायच्या दिवशी. मीच काढीन."

काकांनी एकच प्रश्न विचारला. "नवी खिडकी उघडते ना?"

"उघडते की," फटाफट म्हणाला.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. भिंत सोडायचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त एक गोष्ट मनाला लागली. एवढी वर्षं इथे उभी राहून मी या माणसाला वाऱ्यात झोपवलं, अशी बदनामी डोक्यावर घेऊन जायचं. आणि खरी गोष्ट चार बोटांवर, त्यांच्या डोळ्यांच्या जरा वर, उघड्यावर पडलेली.

ठरलेली सुट्टीची सकाळ उजाडली. गादी आली. तिला जिन्यावर ठेवून फटाफट कामाला लागला. शिंपी दुकानाच्या दारात पहाऱ्याला उभा राहिला. काकांना मागच्या खोलीत बसायला सांगितलं, तर ते म्हणाले, "मी हलणार नाही. माझी खोली आहे, मला बघू दे." ते शाल गुंडाळून खुर्चीत बसले. मांडीवर टोपली घेतली होती. का घेतली होती, त्यांनाच ठाऊक.

फटाफटनं चिकटपट्ट्या ओरबाडल्या, धाकटीला कडेच्या पट्टीतून सोडवलं आणि उचलून भिंतीला टेकवून ठेवलं. धाकटीला मी अशी माझ्यापासून वेगळी, खोलीत उभी बघितली. किती लहान दिसत होती.

"ताई, आता फळी," तो म्हणाला.

ताई स्टुलावर चढली. एकेक स्क्रू तिनं स्वतः काढला. मग झालरीसकट फळी दोन्ही हातांत धरून खाली दिली, ती काकांनी मांडीवर टोपलीशेजारी घेतली. ताई वर वळली आणि तिथेच थबकली. तिच्या कपाळावरचे केस उडत होते. तिच्या डोळ्यांपुढे प्रकाशाची एक आडवी पट्टी होती. तिनं हात वर केला. चारही बोटं थोरलीच्या डोक्यावरून आरपार बाहेर गेली.

तिनं ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत नेली. बोटं तशीच बाहेर.

"काय गं?" काकांनी विचारलं.

"काका, वारा इथून येतोय," ती म्हणाली. "वरचं तावदान खाली आलंय. खालून नव्हताच येत कधी. मी खाली चिंध्या कोंबत बसले." आणि ती स्टुलावरच बसली आणि रडायला लागली. इतक्या थंड्यांचं सगळं एकदम बाहेर आलं. काकांचा खोकला ऐकत ऐकत ती पलीकडच्या खोलीत जागी असायची, ते मला माहीत होतं.

काकांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "मी तरी कुठे वर बघितलं? उभा जन्म आरशात मागचं बघण्यात गेला. वर कोण बघतं?"

ताई रडता रडता हसली. फटाफटला यातलं काही झेपेना. "जाऊ द्या ना ताई," तो म्हणाला, "नवी बसली की फट-बिट काही उरायची नाही." त्यानं गादी सोडली, नवी खिडकी उचलली आणि चौकटीत धरून बघितली. वर अर्धी वीत जागा रिकामीच. अंदाज चुकला होता. "वर एक फळी ठोकून देतो," तो जरा ओशाळून म्हणाला. "दिसायला काही वाईट नाही दिसणार."

"उघडून दाखव," काका म्हणाले.

फटाफटनं कडी फिरवली. नवी खिडकी वरच्या बाजूनं वीतभर आत कलली आणि थांबली. "एवढीच उघडते. वरच्या मजल्यावर अशीच बसवतात, कुणी पडायला नको."

काकांनी मांडीवरची टोपली उचलली आणि त्या वीतभर जागेसमोर धरली. एकदा आडवी धरून बघितली, एकदा उभी. मग ती परत मांडीवर ठेवली आणि तिच्या दोराची गुंडाळी करायला लागले. नीट, घट्ट, माळ्यावर ठेवून द्यायची असावी तशी.

ताई ते बघत होती. तिनं डोळे पुसले आणि स्टुलावर उभी राहिली.

"हे वरचं तावदान वर ढकलता येईल का?" तिनं फटाफटला विचारलं.

"माझं काम खिडकी काढायचं आहे, ताई. जागेवर बसवायचं नाही."

"मला माहीत आहे. तरी विचारते आहे."

फटाफटनं काकांकडे बघितलं, त्या गुंडाळीकडे बघितलं. मग खिशातून पातं काढलं आणि थोरलीच्या कडेनं रंगाची जाड साय कापत गेला. पिवळा, पांढरा, हिरवा, किती रंग निघाले. एक बाजू झाली, दुसरी झाली. "आता ढकला," तो म्हणाला. ताईनं एका टोकाला खांदा लावला, त्यानं दुसऱ्या. थोरली आधी हललीच नाही. मग अशी करकरली, की समोरच्या दुकानात ऐकू गेलं असेल. आणि वर गेली. वरपर्यंत गेली आणि डोकं चौकटीला टेकलं. फटाफटनं खालून काकांचीच ती जुनी पाचर मारली. मग त्यानं धाकटीला उचलून तिच्या जागी उभं केलं.

पडदा हलायचा थांबला. काकांनी शालीतून हात बाहेर काढून समोर धरला, जरा वर, जरा खाली. "थांबला," ते म्हणाले. एवढंच म्हणाले, पण दोनदा म्हणाले.

मित्रांनो, मी मोडकी नव्हते. बस्स.

पण सुट्टीची ती सकाळ अजून संपली नव्हती. खाली पहाऱ्यावर असलेला शिंपी पहारा सोडून गिऱ्हाईक करत होता. गिऱ्हाईक म्हणजे कोण, तर नगरपालिकेतल्या, त्या पाटीवरचा नियम पाळला जातो की नाही ते बघणाऱ्या हेरिटेजबाई. त्या पलीकडच्याच रस्त्यावर राहतात आणि कोटाची बाही उसवली म्हणून आल्या होत्या. शिंप्यानं त्यांना आरशाकडे तोंड करून उभं केलं, म्हणजे रस्त्याकडे पाठ होईल. हुशारी चांगली होती, पण त्या मोठ्या आरशात आख्खी गल्ली दिसते. बाईंनी आरशात बघितलं, तर माझ्या काचेआडून एक पांढरी प्लास्टिकची चौकट डोकावते आहे.

बाई एका बाहीत टाचण्या तशाच घेऊन जिना चढल्या. मागून शिंपी धापा टाकत. दार उघडंच होतं. फटाफट भिंतीला इतका चिकटला, की त्यालाही गादीत गुंडाळावंसं वाटलं मला.

"हे काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

ताईनं लपवलं नाही. "खिडकी बदलणार होते," ती म्हणाली. "तुम्हाला न विचारता. काकांची छाती आता आणखी एक थंडी काढणार नाही. पण आता बदलत नाही. वरचं तावदान उतरलं होतं, ते बसवलं."

"मग मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं की तुम्ही नाही म्हणता."

"कुणाला म्हटलं?"

ताईनं शिंप्याकडे बघितलं. काकांनी बघितलं. फटाफटनंही बघितलं. शिंपी गळ्यातला टेप वळायला लागला. "असं ऐकून होतो," तो म्हणाला. "प्रत्यक्ष विचारायचा प्रसंग कधी आला नाही."

बाई खुर्चीवर बसल्या. "प्लास्टिकची रस्त्याकडे बसवली असतीत तर काढायलाच लावली असती, हे खरं," त्या म्हणाल्या. "पण आहे ती दुरुस्त करायला कुणी अडवलंय? त्याला परवानगीसुद्धा लागत नाही. नव्या दोऱ्या घाला, कडांना ब्रशाची बारीक पट्टी लावा, वारा येत नाही. माझ्या घरी अशाच खिडक्या आहेत."

"तुमच्याकडे वारा येत नाही?" काकांनी विचारलं.

बाई बाहीतल्या टाचण्या चाचपायला लागल्या. "येतो," त्या म्हणाल्या. "दुरुस्ती करून घ्यायला वेळच झाला नाही. मी मोजे घालून झोपते."

काका मोठ्यानं हसले. मग खोकले, पण हसले ते हसले. शिंप्यानं तिथेच, माझ्या उजेडात, बाईंची बाही शिवून दिली.

पुढच्या आठवड्यात सुतार आला. त्यानं माझ्या दोन्ही बाजूंच्या पोकळ्यांची झाकणं उघडली, तळाशी धूळ खात पडलेली थोरलीची वजनं वर काढली आणि चारही दोऱ्या नव्या घातल्या. कडांना ब्रशाची पट्टी लागली. रंग खरवडून एकच पातळ हात दिला, तोही सांधे सोडून. मधली कडी एवढ्या वर्षांनी एका झटक्यात लागली. काकांनी ती दहादा लावून आणि उघडून बघितली. पाचर त्यांनी टाकून दिली नाही, ती आता दारापुढे असते. नवी खिडकी फटाफटनं आपल्याच स्वयंपाकघरात बसवली. तिथे तिचं माप बरोबर बसलं आणि ती तिथे सुखात आहे, असं ऐकते. तिचं-माझं काही वैर नाही. सुतारानं पुढे हेरिटेजबाईंच्या खिडक्याही केल्या, म्हणून मोज्यांचा प्रश्न सुटला असावा.

फळी पुन्हा लावली नाही. झालर शिंप्यानं पडद्याच्या खालच्या कडेला शिवली, त्याबद्दल काकांशी तीन दिवस वाद घालून. निळी पानं आता पलंगाच्या उंचीवर असतात आणि काका पलंगावर आडवे झाले की त्यांच्या अगदी डोळ्यांसमोर येतात.

ही थंडी आली आणि आता सरतही आली. काकांचा खोकला पार गेला असं मी म्हणणार नाही, पण रात्री झोप लागते. ताईलाही लागते. मागच्या खोलीत आता जुन्या पेट्या ठेवल्या आहेत. चिकटपट्टीचं भेंडोळं ताईनं पोस्टात नेलं, तिथे पार्सलांना कामाला येतं. आणि तो चिंध्यांचा लांब लोड, जो एवढी वर्षं धाकटीच्या पायाशी फुकट राबला, तो ताईनं उसवून जरा आखूड केला. सकाळी काका तो माझ्या खालच्या कडेवर ठेवतात, त्यावर कोपरं टेकतात आणि खाली वाकून गल्लीची हजेरी घेतात.

मित्रांनो, मला तुमच्याकडून फार काही नको. रंग लावताना माझ्या भाईबंदांचे सांधे बुजवू नका, एवढं एक आहे. दुसरं म्हणजे, घरातली कुठलीही जुनी गोष्ट टाकायला काढाल, तेव्हा तिचं नेमकं कुठे दुखतंय ते आधी हात लावून बघा. खाली बघाल, बाजूला बघाल, पण एखादं स्टूल घेऊन वरही बघा. आणि जिथे आपल्या माणसाची आठवण लावून ठेवली असेल, तिथे तर जरूर बघा, कारण तिथे आपण सहसा बघत नाही.

आणखी पुष्कळ सांगितलं असतं, पण खालून शिंपी हाक मारतो आहे. काकांनी लोडावर कोपरं टेकली आहेत, टोपली हातात घेतली आहे आणि एक बोट धाकटीला लावलं आहे. तिला वर जायचं आहे.